बारा किल्ले, एक चौकट: नकाशावरच्या बिंदूंचा आयत कसा काढायचा

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर लगेच फर्माईश आली, 'बाराही किल्ले एका नकाशावर टाक की.' एका रात्रीत टाकले, लिंक पाठवली आणि झोपलो. सकाळी पहिलाच मेसेज होता, 'दादा, किल्ले दिसतायत, पण नकाशात अर्धी आफ्रिका कशाला?'

खुणा सगळ्या आपापल्या जागी होत्या. चुकली होती ती चौकट. नकाशाला नुसत्या खुणा देऊन भागत नाही, उघडल्यावर नेमका किती मुलूख दाखवायचा हेही सांगावं लागतं. त्यासाठी सगळे बिंदू ज्यात मावतील असा लहानात लहान आयत काढतात. त्याच्या बाजू कायम सरळ उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असतात, तिरका आयत इथे चालत नाही. याला बाउंडिंग बॉक्स म्हणतात, कोड लिहिणारे नुसतं बीबॉक्स म्हणतात. मी चौकट म्हणतो.

काम म्हणाल तर चार आकडे शोधायचे: सर्वात लहान आणि सर्वात मोठा अक्षांश, सर्वात लहान आणि सर्वात मोठा रेखांश. चौथीतलं पोरही करेल. तरी मी त्यात चुकलो. पुढे ज्या चुका सांगतोय त्यातल्या बऱ्याचशा माझ्या स्वतःच्या आहेत.

आधी यादी

खालच्या यादीत आधी अक्षांश, मग रेखांश आहे. आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत घेतले आहेत. अंशाचा शंभरावा भाग म्हणजे जमिनीवर साधारण एक किलोमीटर. चौकटीला एवढं पुरतं, दरवाजा शोधायला पुरणार नाही.

साल्हेर: २०.७२, ७३.९४
शिवनेरी: १९.२०, ७३.८६
लोहगड: १८.७१, ७३.४८
खांदेरी: १८.७०, ७२.८१
रायगड: १८.२३, ७३.४४
राजगड: १८.२५, ७३.६८
प्रतापगड: १७.९४, ७३.५८
सुवर्णदुर्ग: १७.८२, ७३.०८
पन्हाळा: १६.८१, ७४.११
विजयदुर्ग: १६.५६, ७३.३३
सिंधुदुर्ग: १६.०४, ७३.४६
जिंजी: १२.२५, ७९.४०

तुमची यादी जुन्या पुस्तकातून किंवा ट्रेकच्या वहीतून येणार असेल तर आकडे बहुधा अंश-मिनिटांत असतील. ते आधी दशांशात आणा: मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३६०० ने, आणि दोन्ही अंशात मिळवा. हर्णैचा सुवर्णदुर्ग १७ अंश ४९ मिनिटांवर आहे. ४९ भागिले ६० म्हणजे ०.८२, म्हणून १७.८२. घाईत १७.४९ लिहिलंत तर किल्ला ३६ किलोमीटर दक्षिणेला सरकून गुहागरसमोरच्या समुद्रात जातो. सुवर्णदुर्ग मुळात समुद्रातच आहे, त्यामुळे नकाशावर बघूनही कुणाला शंका येत नाही. ही चूक चौकटही पकडून देत नाही. का, ते जरा पुढे कळेल.

दुसरी गोष्ट क्रमाची. गूगल मॅपवर एखाद्या जागेचे आकडे कॉपी केले तर आधी अक्षांश येतो, मग रेखांश. जिओजेसन फायलीत (नकाशावरच्या जागा साठवायची एक पद्धत) नेमकं उलटं, आधी रेखांश. आपल्याकडे ही उलटापालट ओळखायला सोपी आहे, कारण महाराष्ट्रात अक्षांश साधारण १६ ते २२ आणि रेखांश ७२ ते ८१, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळतच नाहीत. शिवनेरीचे आकडे उलटे टाकून बघा: किल्ला नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या खाली थंडगार समुद्रात जाऊन पडतो. चौकटीची उत्तर बाजू अचानक ७३ च्या वर गेली की समजायचं, कुठल्यातरी ओळीत अदलाबदल झाली आहे.

एकदा हाताने काढा

एक्सेलसारखी शीट उघडण्याआधी एकदा कागदावर करा, दहा मिनिटं लागतात. कागदावर दक्षिण, उत्तर, पश्चिम, पूर्व अशी चार घरं आखा.

पहिला किल्ला साल्हेर. आत्ता चौकट म्हणजे तेवढा एक बिंदू: दक्षिण आणि उत्तर दोन्ही २०.७२, पश्चिम आणि पूर्व दोन्ही ७३.९४. आता शिवनेरी. १९.२० हा २०.७२ पेक्षा लहान, म्हणून दक्षिण खाली आली. ७३.८६ हा ७३.९४ पेक्षा लहान, म्हणून पश्चिम सरकली. लोहगडाने दक्षिण १८.७१ वर आणि पश्चिम ७३.४८ वर नेली. खांदेरी हे थळजवळचं बेट, ते पश्चिमेला एकदम ७२.८१ पर्यंत ओढतं. रायगडाने दक्षिण १८.२३ केली.

मग येतो राजगड, आणि काहीच होत नाही. १८.२५ आत्ताच्या दक्षिण-उत्तरेच्या मधे, ७३.६८ पश्चिम-पूर्वेच्या मधे. चारही घरं तशीच. यादी कितीही लांब असली तरी बहुतेक बिंदूंचं असंच होतं, ते आतल्या आत राहतात. प्रतापगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग फक्त दक्षिण थोडी थोडी खाली नेतात. पन्हाळा दक्षिणेबरोबर पूर्वही ७४.११ वर नेतो. सिंधुदुर्गाला आलो की अकरा किल्ल्यांची चौकट अशी दिसते:

दक्षिण १६.०४, उत्तर २०.७२, पश्चिम ७२.८१, पूर्व ७४.११.

राहिली जिंजी. तमिळनाडूतला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी तिथे बसून मुघलांचा वेढा वर्षानुवर्षं झुंजवला. यादीत तो हक्काचा आहे. पण त्या एका किल्ल्याने दक्षिण १२.२५ वर आणि पूर्व ७९.४० वर जाते. चौकट जवळजवळ नऊपट होते. तिच्यात आता बंगळूर, हैदराबाद आणि पणजी तिन्ही बसतात.

कागदाकडे नीट बघा. उत्तर साल्हेरने ठरवली, पश्चिम खांदेरीने, दक्षिण आणि पूर्व दोन्ही जिंजीने. बारा किल्ल्यांची चौकट तीनच किल्ल्यांच्या जिवावर उभी आहे, बाकीचे नऊ कुठेही फिरवा, आत आहेत तोवर चौकटीला पत्ता नाही. सुवर्णदुर्गाची ३६ किलोमीटरची चूक म्हणूनच लपून राहते. उलट खांदेरीचा एक आकडा चुकला तर अख्खा नकाशा हलतो. म्हणून चौकट काढून झाली की चार बाजू कुणामुळे आल्या ती नावं लिहून ठेवा आणि तेवढे बिंदू दोनदा तपासा. सगळी यादी तपासायला वेळ नसेल तेव्हा निदान एवढं तरी.

शीटमध्ये

नावं पहिल्या रकान्यात, अक्षांश दुसऱ्यात, रेखांश तिसऱ्यात. किल्ले ओळ २ ते १३ मध्ये. दक्षिणेसाठी =मिन(बी२:बी१३), उत्तरेसाठी =मॅक्स(बी२:बी१३), आणि तसंच सी रकान्यावर पश्चिम-पूर्वेसाठी. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत.

इथे एक सापळा आहे आणि तो आवाज करत नाही. कुणीतरी साल्हेरच्या घरात प्रेमाने '२०.७२ उ' असं लिहिलं, किंवा मागे अंशाची खूण चिकटवली, तर शीटच्या लेखी तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. मिन आणि मॅक्स मजकूर बघतच नाहीत आणि तसं सांगतही नाहीत. उत्तर बाजू मग शिवनेरीची, १९.२०. महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला नकाशाच्या वरच्या कडेबाहेर दीड अंश, म्हणजे जवळजवळ १७० किलोमीटर, आणि शीट गप्प. यावर उपाय म्हणून शेजारी =काउंट(बी२:बी१३) लिहा. तो फक्त खरे आकडे मोजतो. १२ च्या जागी ११ आलं की एक ओळ मजकूर झाली आहे. नजरेनेही ओळखता येतं: आकडे घराच्या उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे.

रिकाम्या घराचं उलट. घर खरंच रिकामं असेल तर मिन ते सोडून देतो, काही बिघडत नाही. पण फॉर्ममधून किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममधून आलेल्या यादीत रिकाम्या जागी बऱ्याचदा शून्य भरलेलं असतं. शून्य अक्षांश, शून्य रेखांश ही पृथ्वीवरची खरी जागा आहे, आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. नकाशावाले तिला गमतीने नल आयलंड म्हणतात, बेट वगैरे काही नाही. जगभरातल्या अर्धवट भरलेल्या फॉर्मांचे बिंदू तिथे गोळा होतात.

कोडमध्ये, आणि माझी आफ्रिका

कोडमध्ये तीच कागदावरची रीत. एकेक बिंदू घ्यायचा, चार घरांशी ताडायचा, गरज पडली तर घर बदलायचं. प्रश्न एवढाच की सुरुवातीला त्या चार घरांत काय ठेवायचं.

मी चारही घरांत शून्य ठेवलं होतं. सवयीने. उत्तर आणि पूर्व बरोबर आली, कारण आपले सगळे आकडे शून्याहून मोठे. पण त्याच कारणाने दक्षिण आणि पश्चिम शून्यावरून हललीच नाहीत, शून्यापेक्षा लहान अक्षांश भारतात आणणार कुठून? चौकट नल आयलंडपासून थेट साल्हेर-जिंजीपर्यंत पसरली आणि मधे आफ्रिका आली. दक्षिण अमेरिकेतल्या यादीवर हीच चूक वरच्या आणि उजव्या बाजूला दिसली असती.

सर्वात सुरक्षित रस्ता कागदावर केला तोच: पहिल्या बिंदूचे आकडे चारही घरांत टाका आणि दुसऱ्यापासून ताडायला लागा. यादी रिकामी असेल तर चौकट नाही असं स्पष्ट सांगा, शून्य परत देऊ नका.

काहीजण लहानाच्या घरात ९९९ आणि मोठ्याच्या घरात उणे ९९९ असे अशक्य आकडे ठेवून सुरुवात करतात. तेही चालतं, पण मग 'दक्षिणेपेक्षा लहान आहे का' आणि 'उत्तरेपेक्षा मोठा आहे का' हे दोन प्रश्न प्रत्येक बिंदूला वेगवेगळे विचारावे लागतात. 'लहान असेल तर हे कर, नाहीतर मोठा आहे का बघ' अशी साखळी केली की घात. आपली यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते. साल्हेर ९९९ पेक्षा लहान, दक्षिण बदलली, उत्तरेचा प्रश्न विचारलाच नाही. शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, सगळ्यांचं तेच. मग राजगड येतो: १८.२५, रायगडापेक्षा किंचित मोठा. दक्षिण बदलत नाही, म्हणून पहिल्यांदाच उत्तरेचा प्रश्न विचारला जातो आणि उत्तर बाजू होते १८.२५. पुढे पुन्हा सगळे खाली खालीच. शेवटी राजगड हा यादीतला सर्वात उत्तरेचा किल्ला ठरतो आणि साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी चौकटीबाहेर. यादीचा क्रम बदलला की निकालही बदलतो, त्यामुळे एका मशीनवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही असा भास होतो. हे शोधण्यात मी एकदा आख्खा रविवार घालवलाय.

एक सोय जाता जाता सांगतो. नवा बिंदू आला तर तेवढा एकच ताडून चौकट वाढवता येते. बिंदू काढला तर मात्र बघावं लागतं: रायगड काढा, काही फरक नाही. जिंजी काढली तर दक्षिण-पूर्व नव्याने शोधायला सगळी यादी पुन्हा चाळावी लागते.

किलोमीटरमध्ये बघा

अंशातली चौकट नजरेला काही सांगत नाही, म्हणून मी ती नेहमी किलोमीटरमध्ये काढून बघतो. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण ध्रुवाकडे जाताना आक्रसत जातो. तिथे १११ ला त्या जागेच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं.

अकरा किल्ल्यांची उंची ४.६८ अंश, म्हणजे ५२० किलोमीटर. रुंदी १.३० अंश, मधल्या १८.३८ अक्षांशाचा कोसाइन ०.९५, म्हणजे साधारण १३७ किलोमीटर. सह्याद्री आणि कोकणपट्टीला शोभेल अशी उभी, अरुंद चौकट. फोनवर छान बसते, लॅपटॉपवर दोन्ही बाजूंना रिकामी जागा राहते. हे दोन आकडे डोक्यातल्या अंदाजाशी जुळले की मी निर्धास्त होतो. रुंदी काही हजार किलोमीटर आली असती तर कुठेतरी शून्य नाहीतर उलटापालट शोधायला लागलो असतो.

बारा किल्ल्यांच्या चौकटीत आणखी एक गंमत दिसते. तिची वरची बाजू साल्हेरच्या अक्षांशावर सुमारे ६८५ किलोमीटर भरते, खालची जिंजीच्या अक्षांशावर ७१५ च्या पुढे. पडद्यावर काटकोनी दिसणारा आयत जमिनीवर आयत नसतो. नकाशा उघडण्यापुरतं त्याने काही अडत नाही, पण या चौकटीवरून क्षेत्रफळ सांगायला गेलात तर अडेल.

चौकटीचा मध्य आणि कोपरे

चौकटीचा मध्य म्हणजे बिंदूंची सरासरी, असं नवीन माणसाला हमखास वाटतं. या दोन वेगळ्या जागा आहेत. दक्षिण-उत्तरेची बेरीज करून निम्मी, पश्चिम-पूर्वेची बेरीज करून निम्मी, हा मध्य. बारा किल्ल्यांसाठी तो १६.४९, ७६.११ वर येतो, म्हणजे कर्नाटकात विजापूर जिल्ह्यात, मुद्देबिहाळ-तालिकोटच्या आसपास. बारा अक्षांशांची आणि बारा रेखांशांची सरासरी घेतली तर १७.६०, ७४.०१ मिळतं, साताऱ्याच्या दक्षिणेला, शहरापासून दहाएक किलोमीटरवर. अकरा किल्ले एका बाजूला असल्याने सरासरी त्यांच्याकडे ओढली जाते. चौकट डोकी मोजत नाही, फक्त टोकं बघते.

नकाशा मधोमध बसवायला चौकटीचा मध्य घ्या. साताऱ्यावर केंद्र धरून झूम केलात तर जिंजी सहज कापली जाईल. बारा जणांनी भेटायचं कुठे हा प्रश्न असेल तर मात्र सातारा बरा.

कोपऱ्यांवर काही असतंच असंही नाही. आपला नैऋत्य कोपरा, १२.२५ आणि ७२.८१, भर समुद्रात आहे, लक्षद्वीपच्या चेटलाट बेटाच्या उत्तरेला. ईशान्य कोपरा विदर्भात उमरेडच्या दक्षिणेला पडतो, आणि यादीत विदर्भातला एकही किल्ला नाही. म्हणून 'चौकटीत आहे' याचा अर्थ 'किल्ल्यांजवळ आहे' असा काढू नका. चौकट ही चाळणी आहे: जे बाहेर ते नक्की बाहेर, जे आत ते पुन्हा तपासायचं.

चार आकडे पुढे देताना

चौकट काढली, आता ती कुठल्यातरी प्रोग्रॅमला द्यायची. इथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. जिओजेसनला पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर असा क्रम हवा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा काढायच्या ओव्हरपासला दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व. त्याच घरचा जागा शोधणारा नॉमिनॅटिम चौकट देतो ती दक्षिण, उत्तर, पश्चिम, पूर्व अशी. वेबपानावर नकाशा दाखवणारा लीफलेट दोन कोपरे मागतो, आधी नैऋत्य मग ईशान्य, प्रत्येकात अक्षांश आधी. पाठ करायच्या भानगडीत पडू नका. आपल्या कोडमध्ये घरांना नावं ठेवा आणि अगदी बाहेर देताना क्रम लावा.

देण्याआधी थोडी मोकळी कड सोडा. नेमकी चौकट दिली तर साल्हेरची खूण पडद्याच्या वरच्या काठाला अर्धी कापली जाते. चारही बाजूंना रुंदी-उंचीच्या पाच टक्के पुरतात. यादीत एकच किल्ला असेल तर मात्र टक्के कामाचे नाहीत, शून्याचे पाच टक्के शून्यच, आणि नकाशा थेट बालेकिल्ल्याच्या छपरावर जाऊन थांबतो. अशा वेळी कमीत कमी किलोमीटर ठरवून टाका. पाच किलोमीटर म्हणजे अक्षांशात ०.०४५.

जिथे ही रीत मोडते

१८० अंशाच्या रेषेवर. फिजीची राजधानी सुवा १७८.४४ पूर्वेला आहे आणि त्याच देशातलं लाकेंबा बेट १७८.८० पश्चिमेला, म्हणजे उणे १७८.८०. लहान-मोठं काढलंत तर रुंदी ३५७ अंश, जवळपास अख्खं जग. खरं अंतर तीन अंशांहूनही कमी. यादी त्या रेषेच्या आसपास असेल तर उणे रेखांशांत ३६० मिळवा: लाकेंबा १८१.२० होतं आणि चौकट १७८.४४ ते १८१.२० अशी नीट येते. यादी जगभर पसरलेली असेल तर सगळे रेखांश ओळीने लावा, गोल फिरून लगतच्या दोघांमधली सर्वात मोठी रिकामी फट शोधा आणि ती सोडून उरलेला भाग चौकट म्हणून घ्या. जिओजेसनमध्ये अशा चौकटीची पश्चिम पूर्वेपेक्षा मोठी लिहितात, ती चूक नव्हे.

आमच्या नकाशाचं शेवटी असं केलं: उघडताना अकरा किल्ल्यांची उभी चौकट, आणि खाली 'जिंजीसह' असं एक बटण, ते दाबलं की बारांची. पुन्हा लिंक टाकली. दोन मिनिटांत मेसेज आला, 'अकराच दिसतायत, बारावा कुठाय?'